पदराला चेंडू लागला तर बाई आऊट का?

गेल्या अंकात या सदरात एका वाचकाला उत्तर देताना मी लिहून गेले की शिक्षकांनी अधूनमधून मधल्या सुट्टीत मुलांबरोबर खेळावं, नुसतं कठड्याला टेकून "ए, पळू नका रे" म्हणत उभं राहू नये. तेवढ्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बाजूने आली, विरोधात आली, एक तर चक्क सहावीतल्या मुलीचं आलं. माझं आयुष्य पेठेतल्या शाळांमधून पी.टी. शिकवण्यात गेलं. तिथे पटांगण म्हणजे चार भिंतींमधला चौक, आणि त्याचाही एक कोपरा स्कूटरींनी अडवलेला. माझी मतं त्या चौकातली आहेत. बालमानसशास्त्राचं विचारायचं असेल तर या मासिकात त्यासाठी वेगळी जाणती माणसं आहेत.

सुरुवात सहावीतल्या मुलीपासून करते. सगळ्यात नेमका प्रश्न तिचाच आहे.

प्रश्न : आमच्या बाई कधीकधी मधल्या सुट्टीत आमच्याबरोबर लगोरी खेळतात. आम्हाला खूप आवडतं. पण चेंडू त्यांच्या पदराला लागला की त्या म्हणतात, "पदराला लागला, मला नाही." आमच्या स्कर्टला लागला तर आम्ही आऊट धरतो. बाईंना तसं सांगितलं तर उलट बोलल्यासारखं होईल का?
— सहावीतली विद्यार्थिनी, सहकारनगर

अगं, पदराला लागला म्हणजे बाईंनाच लागला. पदर काय शेजारच्या वर्गाच्या बाईंचा आहे?

पण सांगायचं कधी, ते नीट ठरव. चेंडू लागल्यावर सांगितलंस की भांडण होतं, लगोऱ्या रचायच्या आधी विचारलंस की तो नियम होतो. डाव मांडताना सगळ्यांसमोर बोलून घ्या : कपड्याला लागलेला धरायचा की नाही, डोक्यावर मारलेला धरायचा की नाही, चेंडू गटाराच्या जाळीपलीकडे गेला तर काय. "बाई, आज कपड्याला लागलं तरी आऊट हं!" एवढं हसत म्हटलं की झालं. एकटी म्हणू नकोस, तुमच्या कप्तानाला म्हणायला लाव. कप्तान असतो कशाला?

तुमच्या बाईंच्या हातात हे पान पडलं तर त्यांनाही दोन शब्द. बाई, पदर कमरेला खोचा. आमच्या वेळच्या पी.टी.च्या बाई नऊवार नेसत नव्हत्या, साधी पाचवार कमरेला घट्ट खोचून तासभर लेझीम घ्यायच्या. आणि आऊट झालात की सरळ भिंतीपाशी जाऊन उभ्या राहा. मुलांना तुमच्याकडून खेळात जे हवं असतं, त्यातलं हे सगळ्यात मोठं.

प्रश्न : मी नुकतीच एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवायला लागले आहे. मुलं रोज "बाई, चला ना" म्हणून हात ओढतात, मी कधीमधी जाते. स्टाफरूममधल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आज हातात हात घालून खेळतील, उद्या डोक्यावर बसतील. मग वर्ग सांभाळत बस." त्यांचा अनुभव मोठा आहे. खेळावं की नाही?
— शिक्षिका, कोथरूड

खेळा. पण त्या ज्येष्ठ बाईंना उडवून लावू नका. त्यांनी जे पाहिलंय ते मीही पाहिलंय. नवीन शिक्षक येतो, मुलांचा लाडका व्हायची घाई असते, पटांगणात खांद्यावर हात टाकून हिंडतो, आणि तासाला तीच मुलं ऐकेनाशी झाली की चिडून पट्टी आपटतो. मुलं बिचारी गोंधळतात. तिथे खेळाने घोटाळा केलेला नसतो. हा माणूस खेळतच नसतो, नुसता गर्दीत असतो.

खेळायचं म्हणजे मुलांचे नियम पाळायचे. चकताना तुमचाही हात पुढे हवा. राज्य आलं तर घ्यायचं, "मला ना, वह्या तपासायच्या आहेत" म्हणून त्याच क्षणी सटकायचं नाही. रडीचा डाव तर अजिबात नाही. ज्या बाई स्वतः आऊट झाल्यावर मुकाट्याने बाजूला होतात, त्यांनी वर्गात "आता वही बंद" म्हटलं की मुलं फारशी कुरकुर करत नाहीत, हे मी कितीतरी वर्गांत पाहिलं. याचं कारण मला धड सांगता यायचं नाही, पण होतं असं.

आता तुमच्या कामाचं एक सांगते. विषामृत खेळून बघा. चौथीला तो अजून आवडतो. ज्याच्यावर राज्य तो शिवून "विष" म्हणतो, शिवलेला जागच्या जागी पुतळा होतो, आणि आपल्यातल्या कोणीतरी येऊन "अमृत" दिलं की सुटतो. पहिल्या मिनिटालाच तुम्हाला विष मिळणार, त्यात शंका नको, सगळे तुमच्याच मागे लागलेले असतात. मग तुम्ही चौकाच्या मधोमध एक हात पुढे, एक पाय अर्धवट उचललेला अशा उभ्या, आणि कोणी सोडवायला येत नाही. बाईंचा पुतळा झालेला बघण्यात जास्त मजा असते. घाई करू नका. हलायचं नाही, पण बघता तर येतं! कोणाला विष मिळाल्याबरोबर तिघं अमृत द्यायला धावतात, आणि कोण पलीकडच्या नळापाशी मघापासून तसाच उभा आहे, त्याच्याजवळून सगळे पळतायत पण हात कोणी लावत नाही, हे तुम्हाला तिथून दिसतं. कठड्यावरून ती सगळी नुसती पळणारी मुलं असतात. वर्षभराच्या नोंदवहीत जे सापडत नाही ते त्या पाच मिनिटांत कळतं. सुटलात की पहिलं अमृत त्या नळाजवळच्या पोराला द्या आणि पुढे पळा. त्याबद्दल काही बोलू नका.

डोक्यावर बसण्याची भीती घंटेपाशी मिटवायची. घंटा झाली की खेळ तिथेच संपला, राज्य कोणावर का असेना. "बाई, एकच डाव" याला होकार दिलात की मेलात. नळावर मुलांबरोबरच हात धुवा, त्यांच्याबरोबरच वर्गात जा. पटांगणातून थेट स्टाफरूमच्या चहाकडे पळालात, तर पुढची दहा मिनिटं वर्ग पटांगणच राहतो आणि ज्येष्ठ बाई खऱ्या ठरतात.

बाहेरचा दाखला हवा असेल तर अमेरिकेत प्लेवर्क्स नावाची संस्था १९९६ पासून हेच काम करते. शाळांच्या मधल्या सुट्टीत मुलांना खेळवणारा आणि स्वतः खेळणारा एक मोठा माणूस ती देते. अशा शाळांची इतर शाळांशी तुलना करून पाहिली, तेव्हा तिथल्या शिक्षकांनी सांगितलं की दादागिरी आणि एखाद्याला खेळातून वगळणं कमी झालं, आणि सुट्टीनंतर वर्ग लवकर अभ्यासाला लागतो. भांडण झालं की तिथे दगड-कागद-कात्री करून मिटवायला शिकवतात. आपल्याकडे 'अडम तडम तडतड बाजा' होतंच की! फक्त एक लक्षात घ्या. तिथल्या त्या माणसाला तेवढंच काम असतं. तुम्हाला त्याच अर्ध्या तासात डबाही खायचा आहे. रोज जाऊ नका. आठवड्यातून एखाद-दोन वेळा, दहा मिनिटं, तेही मुलांनी बोलावल्यावर.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. त्याच्या वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत मुलांबरोबर पकडापकडी खेळतात. वह्या मात्र आठवडा आठवडा तपासून येत नाहीत. आम्ही फी भरतो ती शिकवण्यासाठी. परवा तर तो गुडघा फोडून आला. शिक्षकांनी तो वेळ वह्यांना द्यायला नको का?
— पालक, सिंहगड रोड

एका पाकिटात तीन तक्रारी आहेत, एकेक सोडवू.

वह्या. ही तक्रार रास्त आहे, पालकसभेत जरूर मांडा. मांडण्याआधी वर्गाचा पट विचारून घ्या. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. तुमच्या मुलाच्या वर्गात पंचावन्न मुलं असतील, तर चार विषयांच्या दोनशे वीस वह्या झाल्या. दहा मिनिटांच्या पकडापकडीने त्या अडलेल्या नाहीत. याच कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान पंचेचाळीस तास धरले आहेत, पाठाची तयारी त्यातच आली. ते तास कुठे जातात हे मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असेल.

गुडघा. तिसरीतला मुलगा गुडघा न फोडता चौथीत गेला तर मला काळजी वाटेल. तरी विचारायच्या गोष्टी आहेत, त्या विचाराच. पटांगणात पेव्हर ब्लॉक आहेत का, आणि त्यांचे कोपरे वर आलेत का? प्रथमोपचाराची पेटी कुठे असते, आणि तिची किल्ली सुट्टीत कोणाकडे असते? पडल्यावर जखम कोणी धुतली? माझा अंदाज, पकडापकडी खेळणाऱ्या त्याच बाईंनी. त्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत असत्या तर पोरगा रक्ताळलेल्या गुडघ्याने जिना चढून त्यांना शोधत बसला असता.

राहिली फी. शाळेसाठी काय काय असलं पाहिजे याची यादी त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. वर्गखोल्या, ग्रंथालय यांच्याबरोबर त्यात खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्यही आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात विश्रांती आणि खेळाचं वेगळं कलम आहे, एकतिसावं, आणि तो करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. म्हणजे खेळ हा फीमधून फुकट वाटलेला खाऊ नाही. तुम्ही सिंहगड रोडला राहता. तुमचा मुलगा सकाळी व्हॅनमध्ये बसतो, वाहतुकीत अडकतो, शाळेत बाकावर बसतो, परत व्हॅनमध्ये बसतो, घरी येऊन क्लासला बसतो. दिवसातून त्याला मोकळं पळायला मिळतं ते कधी, एवढं मोजून बघा.

प्रश्न : मी खेळायला गेले की खेळाचा विचका होतो. सगळ्यांना माझ्याच संघात यायचं असतं, माझाच हात धरायचा असतो, मला कोणी आऊटच करत नाही. मी नसताना त्यांचं छान चाललेलं असतं. आणि चार-पाच मुली कधीच येत नाहीत, पायरीवर बसून असतात. त्यांना कसं आणू?
— शिक्षिका, विश्रांतवाडी

पहिल्या अडचणीवर एकच औषध आहे : आल्या आल्या राज्य मागून घ्या. राज्य असलेल्या बाईंचा हात धरायला कोणी येत नाही, सगळे लांब पळतात. लंगडी असेल तर तुम्हीच आधी लंगडी घाला. दोन मिनिटांत तुम्ही 'आमच्या बाई' उरत नाही, नुसती एक धापा टाकणारी शत्रूपक्षाची बाई उरता. मग खेळ सुरू होतो.

कप्तान होऊ नका. कोणता खेळ हे ठरवू नका. खेळता खेळता पंचगिरीही करू नका. मुलं निकालासाठी तुमच्याकडे बघतील, तेव्हा खांदे उडवा आणि "मला नाही दिसलं" म्हणा, दिसलेलं असलं तरी. त्यांची भांडणं एरवी त्यांची ती मिटवतात. आधी आरडाओरडा, मग "आईशप्पथ", मग "जाऊ दे, परत टाक". ते सगळं व्हायला एक मिनिट लागतं. तुम्ही मध्ये पडलात तर पाच मिनिटं लागतात आणि एक बाजू रुसते.

आणि कृपा करून खरे नियम शिकवायला जाऊ नका. हा रोग आम्हा पी.टी.वाल्यांना फार. खो-खो म्हणजे आमचा जीव की प्राण. त्याचे नियम १९१४ च्या सुमारास इथेच, पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, भारताने पुरुषांची आणि महिलांचीही जिंकली, दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे. माझ्या सोसायटीत त्या रात्री मी पेढे वाटले, घेणाऱ्यांना कशाचे ते कळलं नाही ही गोष्ट वेगळी. पण मधल्या सुट्टीतला खो-खो हा खो-खो नसतो. पुस्तकात आठ जण बसतात आणि नववा पाठलाग करतो. चौकात तेरा जणी बसलेल्या असतात, खांब म्हणून एकीकडे नळ आणि दुसरीकडे कोणाचं तरी दप्तर. बसू द्या. खरा खो-खो पी.टी.च्या तासाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ मध्ये मधल्या सुट्टीवर एक निवेदन काढलं होतं. सुट्टीतला खेळ पी.टी.च्या तासाला पूरक आहे, त्याची जागा घेणारा नाही, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही अनुभवी बाईंनी हेच सांगितलं असतं. निवेदन काढायला त्यांना वेळ नव्हता.

आता पायरीवरच्या मुली. ओढून आणू नका. एखाद्या दिवशी खेळायला न जाता त्यांच्या शेजारी जाऊन बसा, डबा घेऊनच. काहींना खरंच गप्पा हव्या असतात, त्यांचा खेळ तोच, त्यांना तिथेच सोडा. पण एखादी बोलता बोलता सारखी पटांगणाकडे बघत असेल, चेंडू उंच गेला की तिची मानही वर जात असेल, तर तिला यायचंय आणि येता येत नाहीये. तिला म्हणा, "मला जोडीला कोणीतरी हवं, तू आणि मी मिळून एक गडी." आऊट झाला तर दोघी आऊट. पहिल्या दिवशी ती तुमच्या मागे मागे पळेल, पुढे तुम्हाला मागे टाकेल. लहान असेल तर लिंबूटिंबू करून घ्या. पण तिच्या हातात शिट्टी किंवा गुणांची वही मात्र देऊ नका. "तू स्कोअर लिही हं" म्हणून बसवलेली मुलगी शाळा सुटेपर्यंत स्कोअरच लिहीत राहते. असल्या अक्षर सुंदर असलेल्या कितीतरी मुली मला आठवतात.

प्रश्न : मी आठवी-नववीला गणित शिकवतो, वय तीस. मधल्या सुट्टीत मुलांबरोबर टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो. मुली विचारतात, "सर, आम्हाला का नाही?" खेळायला हरकत नाही, पण या वयाच्या मुली, चुकून धक्का लागला, कोणी काही बोललं, तर काय? टाळलेलं बरं का?
— शिक्षक, हडपसर

विचारलंत ते बरं केलंत. टाळू नका. सर मुलांशीच खेळतात, पटांगण मुलांचंच, आपण कडेने चालायचं, हे आठवीतल्या मुलीला शिकवायला बाकीचं जग आहे. त्यात तुमची भर नको.

मात्र खेळ बघून निवडा. क्रिकेट चालेल, मुलींना फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही द्या, नुसतं बाऊंड्रीवर उभं करून चेंडू आणायला लावू नका. रिंग, थ्रोबॉल, बॅडमिंटन, लगोरी उत्तम, कारण यात अंगाला हात लावायचं कारणच येत नाही. कबड्डी, साखळी वर्ज्य. खो-खोत खो पाठीवर हात मारूनच द्यावा लागतो, म्हणून तुम्ही स्वतः त्यात नको, बाहेरून ओरडा. पकडापकडीही नको. आणि हाच नियम मुलग्यांनाही लावा. खांद्यावर उचलणं, गुदगुल्या, मानेत हात घालून ओढणं, गमतीतही नको. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, तो अठरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना लागू आहे, मुलगी-मुलगा भेद त्यात नाही. वेगळी वागणूक ठेवलीत तर मुलींना ती लगेच जाणवते, आणि मग त्या येणं बंद करतात.

मुख्याध्यापकांच्या कानावर आधी घाला, एखाद्या सहकारी बाईंनाही खेळायला बोलवा. उघड्या पटांगणातच खेळा, शाळा सुटल्यावर मागे थांबून नको. मोबाइल खिशात. खेळतानाचे फोटो तुमच्या स्टेटसला दिसता कामा नयेत. एखादी मुलगी एखाद्या दिवशी "आज नाही, सर" म्हणाली तर "बरं" म्हणून पुढचा चेंडू टाका, कारण विचारू नका. एवढं सांभाळलंत तर कोणी काही बोलायला जागा राहत नाही. तरी कोणी बोललंच, तर मुख्याध्यापकांना आधीच ठाऊक असल्याचा तेव्हा उपयोग होतो.

प्रश्न : आमच्या शाळेत गृहपाठ अपुरा असेल तर त्या मुलांना मधल्या सुट्टीत वर्गात बसवतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायची ड्युटी माझी. खिडकीतून बाकीच्यांचा खेळ ऐकू येत असतो. मला हे पटत नाही, पण मी शाळेत नवीन आहे.
— शिक्षिका, वारजे

न पटणं बरोबर आहे. वर उल्लेख केलेल्या निवेदनात तेही आहे : शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नये. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. सुट्टी बंद करणं त्यात बसतं का यावर वकील वाद घालतील, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. नवीन माणसाने कायद्याचं कलम दाखवलं की शाळा कान बंद करते.

त्याऐवजी महिनाभर रोज कोण बसतं त्यांची नावं लिहा. मला खात्री आहे, तीच सहा-सात नावं असणार. ती यादी पर्यवेक्षिकांपुढे ठेवा आणि विचारा, बाई, यांचा गृहपाठ आता पूर्ण होतोय का? होत नसणार. मग पर्याय सुचवा. परिपाठानंतरची दहा मिनिटं किंवा एखादा ऑफ तास या मुलांच्या गृहपाठाला द्यायचा, तुम्ही स्वतः घ्यायची तयारी दाखवा, आणि फक्त तुमच्या वर्गापुरतं दिवाळीपर्यंत करून बघायची परवानगी मागा. तोवर तुमच्या ड्युटीत डबा खाऊन झाला, चार ओळी लिहून झाल्या की सोडा त्यांना. कोणी विचारलं तर सांगा, लिहून झालं म्हणून सोडलं. खोटं नाही ते. दुपारच्या तासाला सगळ्यात जास्त चुळबुळ याच मुलांची होत असते, आणि पळायची सगळ्यात जास्त गरजही त्यांनाच असते.

प्रश्न : खेळायची हौस आहे, पण पंचावन्न वर्षांची आहे, गुडघे बोलतात. दुसरीचा वर्ग आहे. काही करता येईल का?
— शिक्षिका, धनकवडी

येईल की! दोरीवरच्या उड्यांना दोरी फिरवणारं कोणीतरी लागतंच, आणि मुलांमध्ये त्या कामाला कोणी तयार नसतं. उभ्याने जमत नसेल तर खुर्ची टाका, दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. "टिपी टिपी टिप टॉप, कोणता रंग हवा?" यात रंग मागणारी तुम्ही, पळणारी मुलं. ती खुर्चीतून होते.

पण दुसरीच्या मुलींना, आणि बसवलं तर मुलांनाही, वेडं करायचं असेल तर सागरगोटे शिकवा. मांडी घालून बसवत नसेल तर बाकावर खेळा. टेबलावर नको, तिथून घरंगळतात. आधी एक वर उडवायचा आणि खालचा एक उचलून वरचा झेलायचा, मग दोन-दोन उचलायचे, मग तीन. लहान हातांना पहिल्या आठवड्यात एक-एकच जमेल. दुकानात खेळणं म्हणून हल्ली सहसा मिळत नाहीत. मंडईजवळ काष्ठौषधींच्या दुकानात मागा, तिथे औषध म्हणून असतात, राखाडी, गुळगुळीत, टणक. पिचलेले किंवा भोक पडलेले घेऊ नका. दुसरीतली मुलं काहीही तोंडात घालतात, म्हणून खेळ झाला की मोजून तुमच्या पर्समध्ये ठेवायचे. खेळायला पाच पुरतात. सात घ्या, दोन हरवतातच.